टोबिन स्प्राउटचा 'कार्निव्हल बॉय' : मागे बसणाऱ्याचा पहिला अल्बम

टेपवेडा (धागाकर्ता)

गाइडेड बाय व्हॉइसेस या अमेरिकन रॉक बँडचा विषय संगीत विभागात याआधीही निघालाय, आणि दर वेळी चर्चा त्याचा मुख्य गायक-गीतकार रॉबर्ट पोलार्ड याच्यापाशी सुरू होऊन पोलार्डपाशीच संपलीय. त्याला कारणही तसंच आहे. ओहायोतल्या डेटन गावचा, चौथीच्या वर्गाला शिकवणारा मास्तर, पस्तिशी ओलांडलेला, बसल्या बैठकीला दोन-चार गाणी लिहून मोकळा होणारा, मंचावर माइक गरगरा फिरवत उंच लाथ मारणारा. असा माणूस पुढे उभा असला की शेजारचा दिसतच नाही. मला आज त्या शेजारच्या माणसाबद्दल लिहायचंय, कारण गेले दोन महिने मी त्याच्याशिवाय दुसरं फारसं काही ऐकलेलं नाही.

टोबिन स्प्राउट. जन्म १९५५, डेटनचाच. बँडमध्ये गिटार, दुसरा आवाज, अधूनमधून स्वतःचं एखादं गाणं. आणि माझ्या मते सगळ्यात मोठं काम म्हणजे चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर बसणं. बँडचं ज्यामुळे नाव झालं ती गाणी बड्या स्टुडिओत झालेलीच नाहीत. तळघरात झाली, गॅरेजमध्ये झाली, आणि त्यातली कितीतरी स्प्राउटच्या हातून टेपवर उतरली. १९९४ चा 'बी थाउजंड' घ्या, २० गाणी आणि ३६ मिनिटं. १९९५ चा 'एलियन लेन्स' घ्या, २८ गाणी आणि ४१ मिनिटं. दीड-दीड मिनिटाची गाणी, काही तर मिनिटभराचीही नाहीत. अंतरा सुरू होतो न होतो तोच गाणं संपलेलं असतं.

ज्यांनी यातलं काहीच ऐकलेलं नाही त्यांनी 'बी थाउजंड'मधलं पहिलंच गाणं, 'हार्डकोअर यूएफओज', हेडफोन लावून ऐका. चालू गाण्यात एक गिटार अचानक नाहीशी होते. काही क्षण नुसता पोकळ सांगाडा वाजत राहतो आणि मग ती परत येते. कुठल्याही स्टुडिओत याला चूक म्हणून पुन्हा वाजवायला लावलं असतं. इथे ती चूक अल्बमच्या दारातच ठेवलीय. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझी वायर सैल झाली असं वाटून मी हेडफोनची पिन दोनदा काढून घातली होती.

त्याच अल्बमवर स्प्राउटचं 'ऑफुल ब्लिस' आहे, जेमतेम सव्वा मिनिटाचं. गिटार आणि त्याचा तो बारीक, मऊ आवाज. पोलार्डचा आवाज मंचाच्या अगदी पुढच्या कडेवर येऊन गातो. स्प्राउट खोलीच्या कोपऱ्यात बसून, कोणी झोपलेलं असावं आणि जागं होऊ नये, अशा बेताने गातो. पुढच्या वर्षी 'एलियन लेन्स'वर त्याची 'अ गुड फ्लाइंग बर्ड' आणि 'लिटल व्हर्ल' आली. पोलार्डच्या गर्दीत ही गाणी मला नेहमी गावच्या जत्रेतल्या पाणपोईसारखी वाटत आली.

मग १० सप्टेंबर १९९६. मॅटाडोर रेकॉर्ड्सने एकाच दिवशी दोन अल्बम काढले. पोलार्डचा 'नॉट इन माय एअरफोर्स' आणि स्प्राउटचा 'कार्निव्हल बॉय'. दोघांचेही एकट्याचे पहिलेच. पोलार्डची २२ गाणी, स्प्राउटची १४. एका घरातली दोन लग्नं एकाच मुहूर्तावर लागली की पाहुणे कुठल्या मांडवात जास्त वेळ बसतात ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

स्प्राउट तेव्हा ४१ वर्षांचा होता. या आकड्याशी मी परत परत येतो. रॉक संगीतात एकेचाळिसाव्या वर्षी लोक जुन्या गाण्यांचे संग्रह काढतात. हा पहिला अल्बम काढतोय.

आणि तो ऐकताना जे लक्षात येतं ते सांगण्यासाठीच हा धागा. 'द नॅचरल अलार्म'पासून 'कार्निव्हल बॉय' ऐकत गेलं की थोड्या वेळाने असं वाटायला लागतं, अरे, हा आवाज तर आपल्या ओळखीचा आहे. गळ्याबद्दल बोलत नाहीये. खोलीबद्दल बोलतोय. गिटारच्या कडांवरची ती लोकर, गाण्याच्या मागे सतत असणारी टेपची सळसळ, ढोल लांबच्या खोलीत वाजतोय असा येणारा ठोका. ज्याला आपण इतकी वर्षं 'बँडचा आवाज' म्हणत होतो त्यातला मोठा वाटा या माणसाच्या बोटांचा होता, आणि तो स्वतःच्या नावाने पहिल्यांदा पुढे आला तेव्हा तो आवाज त्याच्याबरोबर चालत आला.

आमच्या कॉलेजच्या बँडमध्ये टेपरेकॉर्डरचं बटण दाबायचं काम माझ्याकडे होतं. बटण दाबायचं आणि धावत जाऊन गिटार उचलायची. त्या कॅसेटी अजून आहेत. प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला माझ्या चपलांचा फटफट आवाज येतो. बाकीच्या चौघांपैकी कोणाच्याही चपला त्या टेपवर नाहीत. 'कार्निव्हल बॉय' मला इतका का लागला याचं खरं कारण कदाचित हेच असेल.

आपल्या मैफलीत गुरूच्या मागे तंबोऱ्यावर बसलेला शिष्य असतो. गुरू श्वास घेतो तेवढ्यात हळूच स्वर भरून देतो. एक दिवस तो स्वतः पुढे बसतो. 'कार्निव्हल बॉय' ही ती बैठक आहे असं मला वाटतं.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. बँडमधल्या मागच्या माणसाने काढलेले असे आणखी अल्बम आठवत असतील तर तेही येऊ द्या.

---

खर्जातला

+१. सुंदर धागा. मी 'बी थाउजंड' पारायण केल्यासारखा ऐकलाय, पण 'कार्निव्हल बॉय'च्या वाटेला गेलो नव्हतो. आज रात्री ऐकतो.

तुमच्या प्रश्नाला एक नाव : ग्रॅहम कॉक्सन. ब्लरचा गिटारवाला. १९९८ मध्ये त्याने 'द स्काय इज टू हाय' काढला, तोही असाच अंगावरच्या साध्या कपड्यात घराबाहेर पडल्यासारखा. ब्लर तेव्हा इंग्लंडात केवढा मोठा बँड होता! त्या झगमगाटातून निघून माणूस असा अल्बम करतो म्हणजे ती त्याची गरजच असणार.

---

साधासूर

लेख आवडला, पण मला एक गोष्ट कधीच पटलेली नाही आणि ती मी मनापासून विचारतोय. खराब ध्वनिमुद्रण ते खराबच ना? पैसे नव्हते म्हणून चार ट्रॅकवर केलं, इथपर्यंत मी समजू शकतो. त्यात कमीपणा नाही. पण त्या सळसळीचं एवढं कौतुक का? माझ्या काकांकडे मैफलींच्या खासगी टेप होत्या. अप्रतिम गाणं, आणि त्यावर पावसासारखा आवाज. आम्ही सगळे हळहळायचो की हे नीट मुद्रित झालं असतं तर! सळसळ छान आहे असं आमच्यापैकी कोणीही कधी म्हणालं नाही.

शिवाय 'एलियन लेन्स'च्या वेळी मॅटाडोरने बँडला जवळपास एक लाख डॉलर आगाऊ दिले होते असं वाचलंय, आणि बिअरचा खर्च सोडला तर मुद्रणाला दहाएक डॉलर लागले, असं तेव्हा बँडमध्ये असलेल्या जिम ग्रीअरनेच लिहिलंय. मग गरिबीचा मुद्दाही उरत नाही. हातात पैसा असताना मुद्दाम फाटकं नेसायचं, याला काय म्हणायचं?

---

दादरचा_ध्वनिमुद्रक

साधासूर, तुमचा प्रश्न योग्य आहे. मी तीस वर्षं मुद्रणाच्या धंद्यात आहे, त्यामुळे यंत्राच्या बाजूने सांगतो.

साध्या कॅसेटची फीत जेमतेम चार मिलिमीटर रुंद. तिच्यावर चार पट्टे असतात. दोन ए बाजूचे, डावा-उजवा, आणि दोन बी बाजूचे. आपण कॅसेट उलटी करतो तेव्हा उरलेले दोन पट्टे वाजतात. १९७९ मध्ये टॅस्कॅमने पोर्टास्टुडिओ हे घरगुती चार ट्रॅकचं कॅसेट यंत्र आणलं तेव्हा त्यांनी एवढंच केलं की चारही पट्टे एकाच दिशेने वापरले. म्हणजे एकावर गिटार, दुसऱ्यावर आवाज, तिसऱ्यावर ढोल, चौथ्यावर दुसरा आवाज. बी बाजू संपली, पण घरच्या टेबलावर चार वाद्यं स्वतंत्रपणे मुद्रित करता यायला लागली. आवाज जरा बरा यावा म्हणून फीत दुप्पट वेगाने पळवायची, त्यामुळे साठ मिनिटांच्या कॅसेटवर फक्त पंधरा मिनिटं मावायची.

आता खरी गंमत पुढे आहे. चार पट्टे भरले आणि अजून काही वाजवायचंय, तर काय करायचं? तीन पट्ट्यांवरचं सगळं चौथ्यावर एकत्र उतरवायचं आणि ते तीन पुसून मोकळे करायचे. याला आम्ही बाउन्स म्हणतो. एकदा बाउन्स केलं की परतीचा रस्ता बंद. गिटार जरा मोठी झाली? झाली. आवाज जरा दबला? दबला. आणि प्रत्येक उतरवणीत फितीची सळसळ वाढते, वरचे बारीक स्वर झिजतात. टेपवेडा ज्याला कडांवरची लोकर म्हणतात ती हीच.

त्यामुळे चार ट्रॅकवर बसणाऱ्या माणसाला गाणं अर्धं झालेलं असतानाच ठरवावं लागतं की यात महत्त्वाचं काय आहे. हल्ली माझ्याकडे पोरं एका गाण्याचे दीडशे ट्रॅक घेऊन येतात आणि सगळे निर्णय शेवटच्या दिवसावर ढकलतात. स्प्राउटसारख्या माणसाला ते दर पाच मिनिटांनी घ्यावे लागले, आणि तेही माघार न घेता. तुमच्या काकांच्या टेपमध्ये गाणं आधी होतं आणि यंत्राने त्याचं नुकसान केलं. इथे गाणं यंत्राच्या त्या चार पट्ट्यांमध्येच रचलं गेलंय. म्हणून काकांच्या टेपबद्दल हळहळणं बरोबर, आणि इथे सळसळ आवडणंही बरोबर.

---

टेपवेडा

दादरचे दादा, दंडवत. हे सगळं मी लेखात लिहायला हवं होतं, पण इतकं स्वच्छ लिहिता आलं नसतं.

साधासूर, पैशाच्या मुद्द्यावर थोडं. त्यांनी मोठ्या स्टुडिओचा रस्ताही धरून पाहिला. १९९६ च्या 'अंडर द बुशेस अंडर द स्टार्स'साठी ते मेम्फिसला गेले होते आणि तिथे किम डील मुद्रणाला होती. तीही डेटनचीच, आधी पिक्सीजमध्ये होती आणि नंतर ब्रीडर्स तिनेच काढला. त्या अल्बमचा आवाज आधीच्या दोन्हींपेक्षा भरीव आहे. त्यावर स्प्राउटचं 'इट्स लाइक सोल मॅन' आहे. सहा महिन्यांनी 'कार्निव्हल बॉय' आला त्यावर तेच गाणं पुन्हा आहे, दुसऱ्या रूपात. दोन्ही लागोपाठ लावून पाहा. बँडचं रूप अंगापिंडाने धट्टंकट्टं आहे. पण मला विचाराल तर हे दुसरं ऐकताना गाणारा माणूस कुठे बसलाय ते कळतं.

---

कुंचला

मी चित्रकार आहे, संगीतातलं तंत्र मला कळत नाही. पण या चर्चेत एक गोष्ट यायलाच हवी. टोबिन स्प्राउट हा चित्रकारही आहे, आणि हौशी नाही. त्याची शैली छायाचित्रासारखी तंतोतंत चित्रं काढण्याची आहे. पत्र्यावर पडलेला उजेड, रंग उडालेली कड, काचेतलं प्रतिबिंब, असं सगळं जसंच्या तसं कॅनव्हासवर आणायचं. या प्रकारचं एक चित्र करायला आठवडेच्या आठवडे लागतात. मी स्वतः दोन वर्षं हे काम केलंय. एका पितळी तांब्यावर सव्वा महिना बसले होते. तांब्याच्या पोटावर खोलीची खिडकी दिसत होती आणि त्या खिडकीत मी.

म्हणून मला हा माणूस फार विलक्षण वाटतो. हातात कुंचला असताना एकही तपशील सोडत नाही, आणि कॅसेटवर मात्र सव्वा मिनिटात, लोकरीच्या कडांसह, गाणं सोडून देतो. बाहेरून हे दोन वेगळे स्वभाव वाटतील. पण मला त्यात एकच माणूस दिसतो. छायाचित्रासारखं चित्र काढणारा कधी नटवत नाही. समोर जे आहे त्याला तो हात लावत नाही, फक्त उतरवून घेतो. खोलीत आवाज जसा होता तसाच टेपवर उतरवणं हे त्याच वृत्तीचं काम आहे. सळसळ पुसणं म्हणजे तांब्यावरची खिडकी पुसणं.

---

टेपवेडा

कुंचलाताई, तांब्यावरची ती खिडकी डोळ्यांसमोरून हलत नाहीये. चित्र कुठे पाहायला मिळेल?

---

कुंचला

आईकडे देवघराच्या भिंतीवर आहे. फोटो काढून व्यक्तिगत संदेशात पाठवते.

---

तंबोरा

धागा उत्तम, पण तंबोऱ्याच्या उपमेशी मी सहमत नाही आणि नावाला जागून ते सांगणं मला भाग आहे.

मागे तंबोऱ्यावर बसणं ही तालीम आहे. शिष्याला तिथे बसवतात ते मदतीसाठी म्हणून, आणि त्याहूनही जास्त ऐकण्यासाठी. बुवा कुठे थांबतात, कुठली जागा घेतात, आज आवाज लागला नाही तर कसं सांभाळून नेतात, हे सगळं पाठीमागून दिसतं. त्याने कधी स्वर भरायचा आणि कधी गप्प बसायचं हे बुवांच्या मानेच्या हालचालीवर ठरतं. आणि पुढे तो गातो ते घराण्याचं गाणं गातो.

स्प्राउट पोलार्डचा शिष्य नव्हता. उलट वयाने दोन वर्षांनी मोठा. पोलार्डचा जन्म १९५७ चा. स्प्राउटचा आधी स्वतःचा बँड होता, फिग. ४ नावाचा. तो आला तेव्हा शिकून आलेला होता. उपमा द्यायचीच तर संवादिनीवाल्याची द्या. चांगला संवादिनीवाला स्वतः बैठक मारू शकत असतो. तो साथीला बसतो ते स्वतःच्या मर्जीने. गायकाच्या दोन आलापांमधल्या जागेत तो जे तीन-चार स्वर ठेवतो ते त्याचे स्वतःचे असतात. 'एलियन लेन्स'मधली स्प्राउटची गाणी मला अशी वाटतात.

---

टेपवेडा

मान्य. तंबोरा मागे घेतो, संवादिनी पुढे आणतो. वयाचा मुद्दा तर मी स्वतःच लिहून त्याचा अर्थ लावला नव्हता.

---

मायामीनदीकाठी

डेटनमध्ये मी साडेचार वर्षं नोकरीनिमित्त होतो, त्यामुळे राहवलं नाही. (नावात फ्लोरिडा शोधू नका. डेटनमधून वाहते ती ग्रेट मायामी नदी.)

हे गाव विमानांचं आहे. राइट बंधू इथलेच. त्यांचं सायकलचं दुकान इथे होतं, आणि त्यांनी त्या दुकानातच विमान बनवलं. गावाला लागून राइट-पॅटरसन हा हवाई दलाचा अवाढव्य तळ आहे. तिथलं हवाई दलाचं संग्रहालय फुकट पाहता येतं, आणि आईवडील भारतातून आले की इथली मराठी मंडळी पहिल्या शनिवार-रविवारी त्यांना तिथेच नेतात. माझ्या वडिलांनी एकेका विमानासमोरची पाटी पूर्ण वाचली होती. दोन दिवस लागले.

हे माहीत असलं की पोलार्डच्या अल्बमचं नाव 'नॉट इन माय एअरफोर्स' वेगळं ऐकू येतं. आणि स्प्राउटच्या गाण्यांची नावं बघा. 'अ गुड फ्लाइंग बर्ड', 'टू रीमेक द यंग फ्लायर', आणि 'कार्निव्हल बॉय'वर 'व्हाइट फ्लायर'. १९०३ च्या त्या विमानाचं नावच फ्लायर होतं. त्याच्या मनात काय होतं ते तोच जाणे, पण डेटनमध्ये राहिलेल्या माणसाला हा शब्द नुसता 'उडणारा' असा ऐकूच येत नाही.

आणखी एक. राइट बंधूंकडे ना पदवी होती ना कोणाचं अनुदान. सायकली दुरुस्त करून मिळालेल्या पैशात त्यांनी ते केलं. गावात फिरताना अशी गॅरेजं अजून दिसतात, अर्धी मोटार, अर्धी कार्यशाळा, छताला टांगलेली सायकल. मी तिथे असताना शेजारच्या गॅरेजमधून शनिवारी रात्री गिटार ऐकू यायची. शाळेच्या मास्तरने आणि त्याच्या दोस्तांनी गॅरेजात अल्बम केला यात त्या गावाला नवल वाटलं नसणार.

---

साधासूर

काल रात्री पूर्ण 'कार्निव्हल बॉय' ऐकला. दोनदा. प्रामाणिकपणे सांगतो.

पहिल्यांदा ऐकताना सारखं वाटत होतं की कोणीतरी कानावरचा रुमाल काढा. दुसऱ्यांदा हेडफोन काढून साध्या स्पीकरवर, आवाज कमी ठेवून, स्वयंपाकघरात भांडी आवरताना लावला. तेव्हा तो बसला. 'टू माय बिलव्हेड मार्था' लागलं तेव्हा मी नळ बंद केला.

सगळाच आवडला असं म्हणणार नाही. 'गॅस डॅडी गॅस'सारख्या ठिकाणी मला अजूनही जाडजूड, नीट मुद्रित केलेला ढोल हवा होता, आणि दादरच्या दादांचं म्हणणं मानूनही हवा होता. पण हळू गाण्यांच्या बाबतीत माझा आक्षेप मागे घेतो. त्या आवाजाला स्टुडिओतल्या काचेच्या खोलीत उभं केलं असतं तर तो गायलाच नसता असं वाटतं.

---

टेपवेडा

नळ बंद केलात, भरून पावलो. आता याच वाटेने पुढे जायचं असेल तर १९९७ चा 'मूनफ्लॉवर प्लॅस्टिक' घ्या. तोही मॅटाडोरचाच. तोवर स्प्राउट बँडमधून बाहेर पडला होता. घरी लहान मूल होतं, चित्रं होती, आणि सतत गाडीतून गावोगाव फिरणं त्याला नको होतं. पोलार्डने दुसरे साथीदार घेऊन बँड चालू ठेवला. भांडणतंटा करून वेगळे झाले अशातला भाग नाही. २००१ मध्ये दोघांनी एअरपोर्ट ५ या नावाने पुन्हा एकत्र काम केलं (पुन्हा विमान!), आणि २०१० मध्ये मॅटाडोरच्या एकविसाव्या वाढदिवसाला लास व्हेगासमध्ये जुना संच परत उभा राहिला. त्यानंतर २०१२ ते २०१४ या तीन वर्षांत त्या संचाने सहा अल्बम काढले. स्प्राउट तेव्हा साठीला टेकलेला.

---

दुसराआवाज

मी इथे फक्त वाचतो, लिहीत नाही. आज पहिल्यांदाच लिहितोय.

वय ४३. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात वाद्यवृंदात २२ वर्षं आहे. कीबोर्ड वाजवतो आणि दुसरा आवाज देतो. द्वंद्वगीतात पुरुष गायकाचा घसा बसला तर त्याच्या ओळी मी मागून गातो, तो ओठ हलवतो. प्रेक्षकांना कळत नाही. कळू नये हेच माझं काम आहे आणि मी ते चांगलं करतो. मध्यंतरी एका कार्यक्रमाची ध्वनिफीत निघाली तेव्हा वेष्टनावर सगळ्यांची नावं होती, माझं राहून गेलं. ज्यांनी काढली त्यांना विचारलं तर म्हणाले, जागा पुरली नाही. मी पुन्हा विषय काढला नाही.

माझी स्वतःची एकोणीस गाणी आहेत. मराठीत. वहीत आहेत आणि काही मोबाइलवर गुणगुणून ठेवलीत. स्टुडिओत एकदा जाऊन आलो. तासाचं भाडं घड्याळाकडे बघत भरायचं म्हटलं की माझा आवाजच लागत नाही. धागा वाचल्यापासून रोज रात्री 'कार्निव्हल बॉय' ऐकतोय. भाषा सगळी कळत नाही. पण हा माणूस कोणाच्या तरी मागे वर्षानुवर्षं उभा राहून आलाय हे मला पहिल्या गाण्यातच कळलं. तो श्वास घेताना जागा सोडतो. मागे गाणाऱ्याला ती सवय लागते, पुढच्याचा श्वास संपायची वाट बघायची. पुढे कोणीच नसलं तरी.

दादरचे दादा, जुना चार ट्रॅक पोर्टास्टुडिओ एकाकडे पडून आहे. चालू होतो पण फीत गुंडाळते आणि आवाज डुलतो. घ्यावा का?

---

दादरचा_ध्वनिमुद्रक

घ्या. डोळे झाकून नको, पण घ्या.

आवाज डुलतोय आणि फीत गुंडाळतेय म्हणजे बहुतेक रबरी पट्टा सैल झालाय आणि दाबचक्र, म्हणजे फीत दाबून पुढे ओढणारं रबरी चाक, कडक पडलंय. तीस वर्षांच्या यंत्रात हे होणारच. पट्टा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळेल, पुण्याला जाणार असाल तर तपकीर गल्लीत विचारा. जुना पट्टा काढून बरोबर न्या, मापाला लागतो. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कानकोरण्याला कापूस लावून, हलक्या हाताने. पेट्रोल, थिनर असलं काही लावू नका. कॅसेट क्रोम प्रकारची वापरा, जुनी पण सील न फोडलेली मिळाली तर उत्तम. साठ मिनिटांचीच घ्या. नव्वदची फीत पातळ असते, दुप्पट वेगाला ताणली जाते.

आणि विकत घेण्याआधी चारही ट्रॅकवर वेगवेगळं काहीतरी बोलून मुद्रित करा. एका ट्रॅकवरचं दुसऱ्यावर झिरपत असेल तर हेड झिजलंय. मग सोडून द्या, दुसरा शोधू. मी शोधून देईन.

---

तंबोरा

दुसराआवाज, 'तो श्वास घेताना जागा सोडतो' हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलंय. मागे बसलेला माणूसच हे ऐकू शकतो.

---

खर्जातला

धागा वर आणतोय. दुसराआवाज, यंत्राचं काय झालं?

---

दुसराआवाज

घेतलं. पट्टा तपकीर गल्लीत मिळाला, दुकानदाराने जुना पट्टा बोटावर ताणून बघितला आणि आतून तसाच आणून दिला. दाबचक्र घासून चालतंय. चारही ट्रॅक स्वच्छ आहेत, झिरपत नाहीत.

परवा रात्री मुलं झोपल्यावर पहिलं गाणं केलं. दार लावून, कीबोर्डखाली उशी ठेवून, पट्ट्यांचा खटखट आवाज येऊ नये म्हणून. पहिल्या ट्रॅकवर कीबोर्ड, दुसऱ्यावर आवाज. आवाज अकरा वेळा केला. पहिले दहा वेळा मी कोणाच्या तरी मागे गात होतो. अकराव्याला नाही. तिसऱ्यावर एका मित्राने काल येऊन ढोलकी दिली, अगदी हळू, बोटांनी.

चौथा ट्रॅक रिकामा आहे. सवयीने हात तिकडेच जातोय. दुसरा आवाज भरू का?

---

दादरचा_ध्वनिमुद्रक

आज भरू नका. कॅसेटच्या मागच्या कडेचा तो प्लास्टिकचा तुकडा, जो मोडला की पुन्हा मुद्रण करता येत नाही, तो मात्र अजून मोडू नका. तीन ट्रॅकचं गाणं आठवडाभर ऐका. मग त्या चौथ्यावर काय येतंय ते ऐकू यायला लागेल. आणि मला पाठवा.

---

दुसराआवाज

पाठवलं. मेलमध्ये बघा. सुरुवातीला खुर्ची सरकल्याचा आवाज आहे, तो काढलेला नाही.